पडलेल्या केळीची दिशा : रावेर तालुक्यातील एका वादळाचा प्रकरण अभ्यास

मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात एका दुपारी रावेर तालुक्यातील एका गावाच्या शिवारात जेमतेम दहा-बारा मिनिटांत कापणीला आलेल्या केळीच्या बागा आडव्या झाल्या. हे गाव तापीच्या उत्तरेला आहे आणि सातपुड्याची रांग तेथून स्पष्ट दिसते. संध्याकाळपर्यंत तालुकाभर मोबाइलवर एकच निरोप फिरत होता, की गावात चक्रीवादळ आले. काही जणांनी तर त्याला टोर्नेडो म्हटले आणि सोबत धुळीच्या फिरत्या खांबाची चित्रफीत जोडली. मी भूगोल शिकवतो आणि त्या गावातील एक शेतकरी एकेकाळी माझ्या वर्गात होता. त्याने रात्री फोन करून विचारले, "सर, हे नक्की काय होतं? उद्या तलाठीभाऊ पंचनाम्याला येणार आहेत, त्यात काय लिहायला सांगू?" दुसऱ्या दिवशी उजाडताच मी गावात पोचलो आणि दिवसभर शिवारात हिंडलो. त्या पाहणीत काय आढळले आणि त्यावरून कोणता निष्कर्ष निघाला, हे येथे मांडत आहे.

प्रथम शब्दांचा घोळ दूर केला पाहिजे, कारण गावातील अर्धा वाद शब्दांचाच होता. चक्रीवादळ समुद्रावर जन्मते, शेकडो किलोमीटर पसरते आणि काही दिवस टिकते. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेले 'निसर्ग' असे होते. किनारा ओलांडल्यावर ते दुबळे होत उत्तर महाराष्ट्राकडे सरकले, म्हणून खानदेशातही हा शब्द आता घराघरात पोचला आहे. टोर्नेडो मात्र एकाच गडगडाटी ढगाच्या पोटाखाली लोंबणारा आणि जमिनीपर्यंत पोचलेला जोरदार फिरता स्तंभ असतो. त्याची रुंदी बहुधा दहा-वीस ते काहीशे मीटर असते आणि बहुतेक टोर्नेडो दहा मिनिटांच्या आत संपतात. आपण एप्रिल-मेमध्ये रोज पाहतो ती वावटळ या दोहोंपेक्षा वेगळी आहे, कारण ती तापलेल्या जमिनीतून वर उठते, तिला ढग लागत नाही आणि ती निरभ्र आकाशाखालीही फिरते. गडगडाटी ढगातून जमिनीवर आदळून चहूकडे पसरणारा सोसाट्याचा सरळ वारा हा चौथा प्रकार. इंग्रजीत त्याला डाउनबर्स्ट म्हणतात. मराठीत त्याला रुळलेले नाव नाही, आणि बहुधा म्हणूनच तो आपल्या लक्षात राहत नाही. चंडवात हा शब्द हवामानशास्त्राच्या मराठी पुस्तकांत आहे, परंतु तो वाऱ्याच्या अचानक वाढलेल्या वेगासाठी वापरतात, त्या वेगाच्या कारणासाठी नाही.

नुकसानीच्या पाहणीत मुख्य पुरावा असतो तो पडलेल्या वस्तूंच्या दिशेचा. टोर्नेडो आत ओढून घेतो आणि गरगरा फिरवतो, त्यामुळे त्याच्या वाटेवर झाडे एका अरुंद पट्ट्यात, मध्यरेषेकडे झुकून, एकमेकांना छेद देत पडतात. उत्तर गोलार्धात बहुतेक टोर्नेडो घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात; म्हणून वादळाच्या पुढे जाण्याच्या दिशेला तोंड करून उभे राहिले, तर उजव्या हाताची झाडे पुढे आणि डाव्या हाताची झाडे मागे किंवा आत पडलेली दिसायला हवीत. डाउनबर्स्टचा वारा याच्या नेमका उलट, आतून बाहेर पसरतो. अंगणात बादली ओतली की पाणी जसे फाकते तशी झाडे पंख्याच्या आकारात बाहेरच्या बाजूला पडतात, आणि हा पंखा अनेकदा किलोमीटरच्या हिशेबात रुंद असतो.

केळीची बाग या कामाला फार सोयीची आहे आणि तितकीच फसवीही आहे. केळीचे खोड म्हणजे लाकूड नव्हे, तर एकात एक गुंडाळलेल्या पानांच्या आवरणांचे पाण्याने भरलेले थर. ते वाऱ्यापुढे फार वेळ टिकत नाही आणि पडते तेव्हा सरळ पडते. हजारो झाडे पाच-पाच फुटांवर एकसारखी उभी असल्याने पडलेली बाग वाऱ्याच्या दिशेचा नकाशाच काढून ठेवते. मात्र निसवलेल्या झाडाला घड लागलेला असतो आणि घड ज्या बाजूला लोंबतो त्या बाजूला झाडाचा तोल आधीच गेलेला असतो. असे झाड वाऱ्याची दिशा सांगत नाही, पुष्कळदा घडाची दिशा सांगते. सकाळच्या पहिल्या तासात मी हीच चूक केली. घडाने भरलेल्या बागेतील झाडे चार दिशांना पडलेली पाहून मला वाटले, की गावकरी म्हणतात तसा वारा खरोखरच फिरला असावा. मग माझ्या विद्यार्थ्याने शेजारच्या न निसवलेल्या बागेकडे बोट दाखवले. तेथील सगळी खोडे एका दिशेला, विंचरल्यासारखी पडली होती. त्यानंतर मी फक्त न निसवलेली झाडे, बांधावरची शेवरी आणि वाकलेले विजेचे खांब यांच्याच नोंदी घेतल्या. दिशा मोबाइलमधील होकायंत्राने मोजल्या. आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाचाही फरक नसल्याने त्यात दुरुस्तीची गरज पडली नाही, फक्त डीपीजवळ (विजेच्या रोहित्राजवळ) आणि पत्र्यांजवळ होकायंत्र भलतेच दाखवत असल्याने तेथून दहा-पंधरा पावले दूर जाऊन मोजावे लागले.

दुपारपर्यंत वहीतील बाणांना आकार येऊ लागला. गावाच्या वायव्येला एक कोरडा नाला आहे. नाल्याच्या काठापासून आग्नेयेकडे सरळ गेले की सगळी झाडे आग्नेयेला पडलेली होती. तेथून उत्तरेच्या अंगाला सरकले की बाण हळूहळू पूर्वेकडे वळत होते आणि दक्षिणेच्या अंगाला सरकले की ते दक्षिणेकडे वळत होते. नाल्याच्या अगदी काठावर थोडी झाडे वायव्येलाही, म्हणजे उलटी पडली होती, परंतु तेथे मोडतोड कमी होती. नुकसानीचा पट्टा लांबीला सुमारे तीन किलोमीटर आणि पुढच्या टोकाला रुंदीला दोन किलोमीटर भरला. एकही बाण मध्यरेषेकडे वळलेला नव्हता. ढग वायव्येकडून, सातपुड्याच्या बाजूने आला होता. अशा चालत्या ढगातून कोसळलेल्या हवेला ढगाचा स्वतःचा वेग पुढच्या अंगाला मिळतो आणि मागच्या अंगाला तो वजा होतो, म्हणूनच पुढचा पंखा मोठा आणि मागचा तोकडा दिसतो.

येथे अभ्यास संपवता आला असता. परंतु चित्रफितीतील तो धुळीचा खांब खोटा नव्हता, आणि ज्यांनी तो डोळ्यांनी पाहिला त्या नानांना 'तुम्हाला भास झाला' असे सांगणे हे अभ्यासाचे लक्षण नव्हे. नाना सत्तरीचे आहेत, केळी करण्यात त्यांचे आयुष्य गेले आहे आणि ते मोजकेच बोलतात. ते म्हणाले, "वारं सुटायच्या आधी त्या नांगरलेल्या वावरातून भोवरा उठला. तो माझ्या बागेत शिरला आणि केळी पिळून गेला. हे मी पाहिलं आहे, दुसऱ्यानं सांगितलेलं नाही." त्यांच्या बागेच्या पूर्व कडेला खरोखरच पंधरा-वीस पावले रुंदीचा एक पट्टा होता, ज्यात झाडे आडवी-तिडवी, काही चक्क एकमेकांकडे तोंड करून पडली होती. तेवढाच पट्टा कोणी दाखवला असता, तर मीही टोर्नेडो म्हटले असते.

त्या पट्ट्यात मी जवळजवळ दीड तास घालवला. आडव्या-तिडव्या पडलेल्या खोडांवर आग्नेयेकडे पडलेली खोडे टेकलेली होती. म्हणजे भोवरा आधी गेला आणि सरळ वारा नंतर आला. कोणते खोड खाली आहे आणि कोणते वर, हा क्रम कोणाच्याही आठवणीपेक्षा पक्का साक्षीदार असतो. मग आम्ही दोघांनी मिळून ठिबकच्या नळीपासून दूर असलेले एक खालचे खोड उचलले. त्याखालची माती कोरडी होती, बोटांनी चुरता येत होती आणि खोडाच्या खालच्या बाजूला धुळीचा थर तसाच होता. एक-दोन फुटांवरची उघडी माती मात्र पावसाने बसली होती. वरच्या खोडांखालीही माती कोरडीच निघाली. दोन्ही वारे पावसाच्या आधी येऊन गेले होते.

त्यानंतर चित्रफीत पुन्हा सावकाश पाहिली. एका मुलाने ती गच्चीवरून घेतली होती आणि सुदैवाने त्याने मोबाइल आडवा धरला होता. धुळीची भिंत शिवारावर चालून येत आहे आणि तिच्या पुढच्या कडेवर एक खांब फिरत आहे, असे तीत दिसते. ढगाचा तळ बराच वर आहे. खांब आणि ढग यांच्या मधले आकाश मोकळे आहे. ढगातून खाली उतरणारी सोंड कोठेही नाही. अर्ध्या मिनिटात खांब विरतो आणि धुळीची भिंत सगळे झाकून टाकते. कोसळून पसरणारी थंड हवा पुढच्या गरम हवेत घुसते तेव्हा तिच्या कडेवर असे भोवरे उठतात. इंग्रजीत त्यांना गस्टनॅडो म्हणतात. ते जमिनीलगत जन्मतात, ढगातील फिरत्या हवेशी त्यांचा संबंध नसतो आणि त्यांची गणना टोर्नेडोत होत नाही. नानांनी जे पाहिले ते पूर्ण खरे होते, मात्र त्यांच्या बागेचा फार थोडा भाग त्या भोवऱ्याने पाडला होता आणि बाकीची बाग त्याच्या मागोमाग आलेल्या सरळ वाऱ्याने पाडली होती. बांधावर बसून हे त्यांना खोडे दाखवत समजावले तेव्हा त्यांनी स्वतः उठून आणखी चार ठिकाणी वरचे-खालचे खोड तपासले आणि मगच मान हलवली.

गावातील इतर साक्षींबद्दलही लिहिले पाहिजे, कारण प्रत्येक वादळानंतर त्याच ऐकू येतात. आगगाडीसारखा आवाज आला, असे अनेकांनी सांगितले. भुसावळ जंक्शन जवळ असलेल्या या भागात ही उपमा सहज सुचते आणि ती खरीही आहे, परंतु वेगाचा सरळ वाराही तसाच घोंघावतो, त्यामुळे आवाजावरून निवाडा होत नाही. गोठ्याचे पत्रे 'वर उचलले गेले' हाही टोर्नेडोचा पुरावा ठरत नाही. छपरावरून वारा वेगाने गेला की छपरावरचा दाब कमी होतो, उघड्या बाजूने आत शिरलेला वारा खालून रेटा देतो आणि पत्रा आकड्यांसह वर सुटतो. पत्रे कोठे जाऊन पडले, हे मात्र महत्त्वाचे. या गोठ्याचे सगळे पत्रे आग्नेयेला सापडले, एकच उलट दिशेला होता. त्या एका पत्र्याने मला बराच वेळ कोड्यात टाकले. चौकशी केल्यावर कळले, की मालकाच्या पुतण्याने रात्रीच तो ओढत नेऊन भिजणाऱ्या चाऱ्यावर झाकला होता. पाहणी दुसऱ्याच सकाळी करायची ती यासाठी. आणखी दोन दिवस गेले असते तर निम्मे पुरावे माणसांनीच जागेवरून हलवले असते, आणि त्यांनी ते हलवायलाच हवेत, कारण जनावरे उपाशी ठेवता येत नाहीत.

वाऱ्याच्या वेगाबद्दल मी सावध आहे. बाग भुईसपाट झाली म्हणजे वारा राक्षसी होता, असे नव्हे. घडाने जड झालेली केळी बऱ्याच कमी वेगातही पडते. बांधावरचे जुने कडुनिंब उभे होते, त्यांच्या जाड फांद्या मोडल्या होत्या. एक बाभूळ मुळासकट उपटली होती. सिमेंट-विटांच्या घरांना धक्का नव्हता. बोफर्टच्या मापनश्रेणीत झाडे उपटणारा वारा ताशी ८९ ते १०२ किलोमीटरचा धरतात. या शिवारातील सर्वांत जोराचा झोत त्याच्या आसपास असावा, असे मला वाटते.

असा वारा मे महिन्याच्या खानदेशात का सुटतो, हे येथील उन्हाळ्यातच दडलेले आहे. रावेर-भुसावळ पट्ट्यात पारा ४३-४५ अंशांवर असतो, जमिनीलगतची हवा कोरडीठाक असते आणि म्हणून गडगडाटी ढगाचा तळ पुष्कळ उंचावर असतो. ढगातून निघालेला पाऊस या कोरड्या हवेतून खाली येताना मोठ्या प्रमाणात वाफ होऊन जातो. वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता तो भोवतालच्या हवेतूनच घेतो. माठातील पाणी ज्या कारणाने गार होते त्याच कारणाने ही हवा गार होते, जड होते आणि कोसळते. गारा असतील तर त्या वितळतानाही उष्णता घेतात. जमिनीवर पाऊस जेमतेम दहा मिनिटे पडतो, कधी तेवढाही नाही, आणि वारा मात्र बागा पाडून जातो. लोकांना हे विसंगत वाटते, पण पाऊस जितका वाटेतच आटला तितकी हवा जड झाली, हेच त्याचे कारण आहे. टोर्नेडोला याच्या उलट परिस्थिती मानवते: ढगाचा तळ खाली, जमिनीलगत भरपूर बाष्प, आणि उंचीनुसार वाऱ्याची दिशा व वेग झपाट्याने बदलणारे, ज्यामुळे ढगातील वर चढणारी हवाच फिरू लागते. भारतात टोर्नेडो होतच नाहीत, असे समजणे चूक ठरेल. १७ मार्च १९७८ रोजी दिल्लीत, ३१ मार्च २००९ रोजी ओडिशातील केंद्रापाडा जिल्ह्यात आणि ३१ मार्च २०२४ रोजी पश्चिम बंगालमधील जलपायगुडीत ते झाले. बंगालच्या उपसागराचे बाष्प मिळणारा पूर्व भारत त्यांना अधिक अनुकूल आहे. खानदेशातील मेच्या कोरड्या हवेत त्यांची शक्यता पुष्कळ कमी असते.

पडलेल्या झाडांवरून वारा ओळखण्याची ही रीत ज्यांनी रूढ केली त्या तेत्सुया फुजिता यांची आठवण या शिवारात मला वारंवार झाली. जपानी जन्माचे हे शास्त्रज्ञ शिकागो विद्यापीठात काम करत. १९४५ मध्ये अणुबॉम्बनंतरच्या नागासाकीची पाहणी करताना त्यांनी एका बिंदूपासून बाहेरच्या बाजूला, किरणांसारखी पडलेली झाडे पाहिली होती. ३ एप्रिल १९७४ रोजी अमेरिकेत एका दिवस-रात्रीत १४८ टोर्नेडो झाले. त्या नुकसानीवरून विमानाने जाताना वेस्ट व्हर्जिनियाच्या जंगलात त्यांना पुन्हा तोच किरणांचा आकार दिसला, जो कोणत्याही टोर्नेडोने होणे शक्य नव्हते. २४ जून १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या विमानतळावर उतरताना एक प्रवासी विमान गडगडाटी वादळात कोसळले आणि त्याच्या तपासातून फुजितांनी डाउनबर्स्टची कल्पना मांडली. अनेक सहकाऱ्यांना ती पटली नाही. १९७८ मध्ये शिकागोजवळ डॉप्लर रडार लावून त्यांनी ती प्रत्यक्ष मोजून दाखवली. टोर्नेडोची जगभर वापरली जाणारी श्रेणी ज्यांच्या नावाने ओळखली जाते, त्यांनीच 'हे टोर्नेडो नाही' असे सांगण्यासाठी इतकी वर्षे झटावे, याचे मला फार मोल वाटते.

आमच्या गावाला रडारचा आधार मिळणे कठीण होते. भोपाळ आणि नागपूर येथील हवामान रडार येथून अडीचशे किलोमीटरहून दूर आहेत. पृथ्वीच्या गोलाईमुळे तेवढ्या अंतरावर रडारचा सर्वांत खालचा किरणही जमिनीपासून पाच-सहा किलोमीटर उंचीवरून जातो. त्याला ढग दिसतो, ढगाखाली जमिनीवर पसरणारा वारा दिसत नाही. महसूल मंडळाचे स्वयंचलित हवामान केंद्र होते, परंतु ते पंख्याच्या बाहेर पडले आणि तेथे वाऱ्याची नोंद साधारणच झाली. केळीच्या फळपीक विम्यात वेगाच्या वाऱ्याचे संरक्षण असते, म्हणून ही गोष्ट केवळ अभ्यासापुरती राहत नाही. नुकसान जर चक्रीवादळाचे म्हणून नोंदले, तर शेकडो किलोमीटरच्या वादळाची खूण त्या केंद्रावर का नाही, असा प्रश्न कोणीही विचारील आणि खऱ्या नुकसानीवरच शंका येईल. दोन-तीन किलोमीटरच्या डाउनबर्स्टचा वारा चार किलोमीटरवरच्या केंद्राला न जाणवणे हे मात्र त्या वाऱ्याच्या स्वभावाला धरूनच आहे.

गावकऱ्यांची भीती वेगळी होती. 'नुसता वारा' लिहिले तर मदत कमी मिळेल आणि मोठे नाव लिहिले तर अधिक मिळेल, असे त्यांना वाटत होते, आणि ज्यांच्या बागेची कापणी आठवड्यावर आली होती त्यांना असे वाटण्यात काहीच नवल नव्हते. मी त्यांना सांगितले, की पंचनाम्यात नुकसान किती झाडांचे आणि किती क्षेत्राचे, याला वजन असते. शेवटी 'गडगडाटी वादळातील सोसाट्याचा वारा, वायव्येकडून, पावसापूर्वी' एवढे शब्द आणि बाणांचा नकाशा पंचनाम्यासोबत जोडण्यात आला. नकाशावर हवामान केंद्राची जागाही दाखवली. तीन झाडांच्या दिशा कोठेच बसल्या नाहीत. त्या मी पुसल्या नाहीत, तशाच ठेवल्या.

जून उजाडल्यावर मी पुन्हा गेलो तेव्हा नाना बागेच्या बांधावर होते. त्यांच्या बागेला शेवरीचे कुंपण होते, पण ते फक्त पश्चिम आणि दक्षिण बाजूंना, कारण उन्हाळ्यातील झळा आणि पावसाळी वारा तिकडून येतो. उत्तर बाजू ट्रॅक्टरसाठी मोकळी ठेवलेली होती आणि वारा तेथूनच आत शिरला होता. डाउनबर्स्ट कोणत्या अंगाला आदळेल त्यावर त्याच्या वाऱ्याची दिशा ठरते, तेव्हा पुढच्या वेळी तो उत्तरेकडूनच येईल, असे नाही, हे मी त्यांना पुन्हा सांगितले. "म्हणूनच चारी बाजूंनी लावतो आहे," नाना म्हणाले आणि ट्रॅक्टरला दहा फुटांची वाट सोडून उत्तरेच्या बांधावर शेवरीचे बी टाकू लागले.